पोटातली तालीम

"परत एकदा सांगा डाक्टरीणबाई," हिंदुराव वस्ताद म्हणाले. "कुनाचं काय काडून माझ्या कुठं घालनार म्हनलासा?"

मी परत सांगितलं. निरोगी माणसाची ताजी संडास घ्यायची, सलाईनच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि ते द्रावण दुर्बिणीच्या नळीतून तुमच्या मोठ्या आतड्यात सोडायचं. सांगताना चेहरा होईल तितका गंभीर ठेवला होता. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, आक्काताईंनी, पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की ओकारी, ते काही कळलं नाही.

"म्हंजे गू," वस्ताद म्हणाले.

"हो. गू."

"मग तसं म्हना की! मगाधरनं द्रावन द्रावन काय लावलंय!"

कोल्हापुरातली दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पोटविकाराची डॉक्टर म्हणून मी गावात नवीन होते. परगावी शिकताना हा उपचार मी जवळून पाहिला होता, पण स्वतःच्या जबाबदारीवर कधी केला नव्हता आणि त्या दवाखान्यात तर कुणीच केला नव्हता. हेही मी वस्तादांना सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. आईच्या मते मला तोंड आवरणंच जमत नाही.

हिंदुराव मगदूम म्हणजे गावातल्या नावाजलेल्या तालमीचे वस्ताद. साठी ओलांडलेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि ती आटोक्यात आणायला जबर अँटिबायोटिक द्यावी लागली. जखम भरली, पण औषधाने आतड्यातली सगळी वस्ती उठवली. आपल्या पोटात जंतूंच्या शेकडो जाती नांदत असतात आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच बाजूच्या. कुणी भाकरीतला कोंडा फोडून देतो, कुणी आतड्याच्या अस्तराला खाऊपिऊ घालतो. सगळे मिळून जागा अडवून बसलेले असतात, म्हणून उपऱ्याला पाय टेकायला मिळत नाही. वस्तादांच्या पोटात आता ते कुणी उरले नव्हते. उरला होता एकच मवाली. औषध चालू असलं की बी होऊन दडून बसायचा आणि औषध थांबलं की पुन्हा उठायचा. आम्ही त्याला पुन्हा पुन्हा झोपवत होतो, तो पुन्हा पुन्हा उठत होता. जुलाब, रक्त, ताप. अंगावरचं मांस उतरून गेलं होतं. मोठं आतडं फुगायला लागलं तेव्हा आमचे सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी बिघडलं तर आतडंच काढावं लागेल. आणि या अवस्थेत ते टेबलावरून उठणार नाहीत."

म्हणून मी हा गुवाचा प्रस्ताव घेऊन गेले होते.

"मला न्हाई करायचं," वस्ताद म्हणाले.

"किळस वाटते?"

"म्हशीच्या शेनात हात घालून वाडलोय मी. किळस कसली? कुनाचा घ्यायचा ते बोला."

"तुमच्या तालमीतल्या पोराचा. तरणी, निरोगी पोरं आहेत, एका चुलीवरचं खातात."

त्यांचा चेहरा उतरला. "मग तर न्हाईच. वस्ताद शिष्याला देत असतो. घेत न्हाई. तालमीत शिरतानाचा एक नारळ सोडला तर मी कुनाकडनं काय घेतल्यालं न्हाई."

मी स्टूल ओढून बसले. "तुम्ही तालीम काढलीत तेव्हा हौद्यात माती कुठली घातलीत?"

"पन्हाळ्याच्या अंगाची, तांबडी. चाळून घेतली. ताक, हळद, लिंबू, त्याल घालून मळली."

"बस? एवढंच?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "माज्या वस्तादांच्या तालमीतनं पाटीभर आनून मिसळली. नव्या मातीत जीव नसतोय. जुनी घातल्याबिगर ती जागी हुत न्हाई."

"मग मी तरी दुसरं काय सांगतेय?"

मला वाटलं, जिंकले. पैलवानाला त्याच्याच मातीत गाठलं. वस्तादांनी सावकाश मान हलवली.

"बराबर हाय तुमचं. पन तवा बी माती वस्तादाकडनं शिष्याकडं आली. उलटी न्हाई गेली." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

मी हात टेकले. पण आक्काताई तोवर पदर खोचून पुढे झाल्या होत्या. तालमीत राहणाऱ्या पोरांचं जेवण लग्न झाल्यापासून त्याच रांधत आल्या होत्या.

"त्या पोरांच्या पोटात हाय तरी काय ओ?" त्या नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या. "डाव तुमी शिकवलासा, पोट मी भरलं. माजी भाकरी, माजं ताक, माजी आमटी. तवा त्यांच्या पोटात जे काय हाय ते माजं हाय. आन माजं मी माज्या घरात परत न्यायला तुमची परवानगी लागती व्हय?"

वस्ताद वळले नाहीत, पण खांदे हलताना दिसले. हसत होते. आजारी माणसाचं हसणं फार वेळ टिकत नाही, तेही लगेच थांबलं.

"इंद्रजितचं घ्या," ते भिंतीलाच म्हणाले. "घ्यायचंच तर मैदान मारनाऱ्याचं घ्या."

आक्काताईंनी मग हळूच मला विचारलं, माझंच का घेत नाही? त्यांना साखरेचा त्रास होता, आणि दाढेसाठी त्यांचीही अँटिबायोटिक नुकतीच संपली होती. नाही म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अख्खी तालीम दवाखान्यात हजर झाली. वऱ्हांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनी त्या दिवशी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. रक्त तपासलं, संडास तपासली, नाना प्रश्न विचारले. कुणी सर्दीखोकल्याला दुकानातून आणून गोळ्या खाल्लेल्या, कुणाच्या पोटात जंत, कुणी कसलं तरी इंजेक्शन घेतो म्हणून मान खाली घातलेली. निरोगी दिसणं आणि निरोगी असणं यांत किती अंतर असतं ते पैलवान तपासल्याशिवाय समजत नाही. सगळ्या चाळण्यांतून तिघेच पार पडले. इंद्रजित खोत, यासीन मुजावर आणि रंगराव ऐनापुरे.

इंद्रजित म्हणजे तालमीची शान. पुढच्या मोठ्या मैदानात गदा आणणार म्हणून सगळ्या पेठेचे डोळे त्याच्यावर होते. यासीन त्याचा जोडीदार. आणि रंगा हा तिशीचा, डोंगराएवढ्या देहाचा, ज्याला कधीच कुस्ती मारता आली नाही असा पैलवान. जोर होता, डाव पाठ होते, पण समोरच्याला पाडायची वेळ आली की याचा हात सैल पडायचा. "समोरचं पोरगं लई कळवळतं ओ म्याडम," असं त्याने मला कारण सांगितलं. वस्तादांनी त्याला मैदानात पाठवणं कधीच बंद केलं होतं. तो तालमीत राहून नव्या पोरांना जोर-बैठका शिकवायचा आणि पोटापुरता दुधाचा टेम्पो चालवायचा.

तिघांनाही मी बजावून सांगितलं. द्यायचं इंद्रजितनेच, पण अडीअडचणीला दोघे हाताशी हवेत. नेहमी जे खाता तेच खा, काही बदलू नका आणि सकाळी या. तिघांनी हो म्हणून माना डोलावल्या. पैलवानाच्या मानेवर किती विश्वास ठेवायचा, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी आले तेव्हा वस्तादांना फणफणून ताप होता. पोट ढोलासारखं तट्ट. सर्जन येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आज काय करायचं ते करा, उद्या मी माझं करतो." मी इंद्रजितच्या हातात डबा दिला. तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने रिकामा डबा घेऊन बाहेर आला.

"हुईना," तो म्हणाला.

"घाई नाही. गरम चहा घे, परत जा."

"तसं न्हवं म्याडम." त्याने यासीनकडे पाहिलं. यासीनने छताकडे पाहिलं. "आत कायच न्हाई. आमी काल एरंडेल घेतलं. आन जेवलो बी न्हाई."

"काय?"

"वजन द्यायच्या आदी आमी घेतोच की. पोट साफ, अंग हलकं." माझा चेहरा बघून तो घाईघाईने बोलू लागला. "आन ह्ये तर वस्तादांच्या पोटात जानार! घान कशी द्यायची? म्हनलं, एकदम चकाचक करून जाऊ."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मला झाडं-वेली-पाखरांसकट सगळं रान हवं होतं आणि या दोन शहाण्यांनी ते भक्तिभावाने झाडून, सारवून आणलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांच्यावर ओरडताना रडू येत होतं. चूक त्यांची होती, पण अशी चूक करायला वस्तादावर केवढी माया लागते!

"आणि तू?" मी रंगाकडे वळले.

रंगा भिंतीला चिकटून उभा होता. एवढा मोठा माणूस, पण जागा होईल तितकी कमी अडवायचा प्रयत्न करत होता. "मला बी दिलं हुतं ह्यांनी एरंडेल," तो पुटपुटला. "मी मोरीत ओतलं. मला त्यो वासच सोसत न्हाई. ह्यांना सांगितलं न्हाई."

"जेवलास?"

त्याचे डोळे भरून आले. "जेवलो की. उपाशी मला झोपच येत न्हाई. आक्कांनी मटकीची उसळ केलती. भाकऱ्या खाल्ल्या, कांदा खाल्ला. मग दही. परत येताना टेम्पोत केळी." तो गयावया करू लागला. "माफी करा म्याडम. एवडं एक काम हुतं, त्ये बी मला जमलं न्हाई."

मी त्याच्या हातात डबा ठेवला. "रंगराव, जमलंय ते तुम्हालाच जमलंय. जा आत."

पण त्याआधी वस्तादांना सांगणं भाग होतं. त्यांनी होकार दिला होता तो इंद्रजितच्या नावाने. खोलीत गेले, सगळं सांगितलं. तापाने लाल झालेले डोळे त्यांनी माझ्यावर रोखले.

"रंग्याचं?"

"हो."

"त्या पोरानं माजं नाव कधी मैदानात न्हेलंच न्हाई." त्यांचा श्वास पुरत नव्हता. "त्याचं घेऊन मी उटनार?"

माझ्याकडे तोंडावर मारायला उत्तर होतं, पण ते द्यायची गरज पडली नाही. रंगा दारात येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं होतं. आत आला, वस्तादांच्या पायांशी बसला आणि फार हळू आवाजात बोलला.

"वस्ताद, तुमी आजवर जे दिलासा त्यातलं मला काय बी राखता आलं न्हाई. डाव दिलासा, मी सोडून दिला. जिद्द दिलीसा, मी सांडली. हे एवडं आपसूक ऱ्हायलंय माज्याकडं. ह्ये तरी घ्या."

आक्काताई तिथेच उभ्या होत्या. वस्तादांनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मग त्यांनी हात उचलून रंगाच्या डोक्यावर ठेवला. हात उचलायलाही त्यांना कष्ट पडत होते.

"जा," ते म्हणाले. "लवकर घिऊन यी."

बाकीचं काम आमचं होतं. कालवणं, गाळणं, मोठ्या सिरिंजमध्ये भरणं. नाकाला कापूर लावून उभ्या असलेल्या सिस्टर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मी अजून विसरलेले नाही. नळी फार जपून घालावी लागली. पडद्यावर दिसणारं आतडं बघवत नव्हतं, जागोजागी पिवळे चट्टे. त्या उजाड जागेवर मी रंगाची उसळ, भाकरी, दही आणि त्यांवर पोसलेली अब्जावधींची वस्ती सोडली. त्यातल्या कित्येकांना हवेचा वाराही सोसत नाही. प्रकाश नाही, हवा नाही, अशा अंधारात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उष्ट्यावर जगणारे ते जीव. एकाने टाकलेलं दुसऱ्याचं अन्न, दुसऱ्याने टाकलेलं तिसऱ्याचं. मला देवाधर्माचं फारसं काही नाही, पण नळी बाहेर काढताना मी मनातल्या मनात त्यांना म्हणाले, "बाबांनो, सांभाळा आता."

त्यांनी सांभाळलं. संध्याकाळी ताप उतरू लागला. पुढचे काही दिवस मी दर फेरीला आधी त्यांचं पोट चाचपायचे आणि मग नमस्कार करायचे. पोट मऊ होत गेलं. जुलाब थांबले. एका सकाळी खोलीत शिरले तर वस्ताद आक्काताईंशी भांडत होते, कारण त्यांना भाकरी हवी होती आणि त्या पेज देत होत्या. सर्जन दारातून डोकावून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गुवाने माझी केस पळवली." इतकी सुंदर दाद मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी वस्तादांनी मला बसवून घेतलं.

"आता आत कोन हाय? रंग्याचीच मानसं का?"

"बरीचशी त्याचीच. तुमचीही थोडीफार कोपऱ्यात लपून वाचली असतील. आता एकत्र नांदतील."

"भांडत न्हाईत?"

"भांडतात की. पण शिकवतातही एकमेकांना." मला या विषयावर बोलायला मिळालं की मी थांबत नाही. "म्हणजे बघा, एखाद्या जंतूला मटकीचा कोंडा फोडायची युक्ती येत असते. ती त्याच्या अंगातच असते, तिला आम्ही जनुक म्हणतो. ती तो पोराबाळांना देतो, ते सगळेच देतात. पण हे शेजाऱ्यालाही देतात. अंगाला अंग भिडवून मधे बारीकशी नळी टाकतात आणि त्या युक्तीची नक्कल पलीकडे सरकवतात. पलीकडचा वेगळ्या जातीचा असला तरी."

"आन देनाऱ्याकडची निगून जाती?"

"नाही. त्याच्याकडेही राहते."

वस्ताद गुडघा चोळत ऐकत होते. "समदंच देत्यात?"

"ते काय देतील सांगता येत नाही. औषधाला न मरायची युक्तीसुद्धा देतात, म्हणून तर आमची पंचाईत होते. चांगलं-वाईट त्यांना कळत नाही."

"राखून कायच ठेवत न्हाईत?"

"काहीच नाही."

ते खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, थकले असतील, म्हणून मी उठले.

"मी एक डाव राखलाय," ते म्हणाले. "समदेच वस्ताद राखत्यात. माज्या वस्तादांनी शेवटच्या दुखन्यात माज्या कानात सांगितला. आजवर कुनाला दावला न्हाई."

"कुणासाठी ठेवलाय?"

"कुनासाटी न्हवं, बाई," वस्ताद म्हणाले. "कुनापासनं तरी."

मी त्यांची नाडी बघितली आणि बाहेर पडले.

दोनेक महिन्यांनी आक्काताईंचा फोन आला. "ह्यांनी तुमाला तालमीत बलिवलंय. सकाळीच या. का, ते मला बी सांगत न्हाईत." गेले. चपला बाहेर काढून हौद्याच्या कडेला उभी राहिले. मातीला ताक-हळदीचा वास येत होता. पोरं कडेने उभी होती, पुढे इंद्रजित. नेमकं काय होणार आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तालमीत अशा गोष्टी वाऱ्यावर कळतात. इंद्रजितने अंगाला माती लावून ठेवली होती. मैदान जवळ आलं होतं आणि त्याच्या डोळ्यांत नुसती आशा होती.

वस्ताद लंगोट लावून हौद्यात उतरले. अंग अजून भरलं नव्हतं, पण उभं राहणं पूर्वीचं आलं असावं, कारण पोरं आपोआप सरळ झाली.

"रंगा," त्यांनी हाक मारली.

रंगाने मागे वळून पाहिलं, जणू मागे दुसरा कुणी रंगा असावा.

"तूच रं. उतर."

मी ओरडले, "वस्ताद, गुडघा!" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. रंगा उतरला, माती कपाळाला लावली आणि समोर उभा राहिला. पुढे काय झालं ते मला पहिल्यांदा दिसलंच नाही. पोरांनी नंतर सांगितलं, नेहमीच्या डावांपैकी तो ढाक नव्हता, घिस्सा नव्हता, मोळी नव्हती. वस्तादांनी त्याचा हात धरला, जरासे वाकले आणि तो डोंगर आकाशाकडे तोंड करून मातीत पडला.

"परत," वस्ताद म्हणाले. मग तोच डाव त्यांनी सावकाश केला. पाय कुठे, कोपर कुठे, वजन कधी सोडायचं, सगळं त्याच्या कानाशी बोलत. मग रंगाकडून करून घेतला. चुकला. परत करून घेतला. शेवटी त्यांना दम लागला तेव्हा ते हौद्याच्या काठावर बसले आणि आक्काताईंनी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकला.

इंद्रजितला राहवलं नाही. "वस्ताद, आमाला?"

"माज्याकडं हुता तो दिला," वस्ताद म्हणाले. "आता त्यो रंगाचा. राखायचा का द्यायचा, त्याचं त्यानं बगावं."

सगळ्यांच्या नजरा रंगाकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्या तालमीत पहिल्यांदाच त्याच्याकडे असं काही होतं, जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. रंगा पाठीची माती झटकत होता. त्याला तो प्रश्नच वाटला नसावा.

"आरं, ये की!" तो इंद्रजितला म्हणाला. "ए यासीन, तू बी ये. बगा, डावा पाय हितं ठेवायचा."